वरचा आणि भिंतीवरची दोन अस्वलं

वरच्याचा दिवस पहाटे चार पन्नासला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नसायची. चार पन्नासला डोळे उघडायचे, पाच पंचवीसला सायकलवर टांग, पाच पंचावन्नला क्रेनच्या शिडीखाली. शिडीला बावन्न पायऱ्या, सरळ उभ्या. पाळीत दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं. असं चौतीस वर्षं. मी एकदा एकूण पायऱ्यांचा हिशेब करायला बसलो होतो. अर्ध्यातच माझ्या पायात गोळे आले, सोडून दिला.

आमच्या कारखान्यात पोलादाचे जाड पत्रे यायचे आणि कापून जायचे. ते उचलणारी क्रेन छताखालच्या रुळांवर धावायची. तिच्या पोटाला एक खोली लटकलेली होती, तिला आम्ही पिंजरा म्हणायचो. त्यात तो बसायचा, म्हणून तो वरचा. मी जमिनीवर. पत्र्याला साखळी अडकवायची, हाताने खूण करायची आणि बाजूला व्हायचं. म्हणून मी खालचा. दोघांची खरी नावं पगाराच्या पाकिटावर असायची, बाकी कुठे वापरात नव्हती. नव्या पोरांना आम्ही सांगायचो, देवाचं मागाहून बघा, आधी ह्या वरच्याला नमस्कार करा.

खाली आवाज इतका, की तोंड उघडून उपयोग नसायचा. तेवीस वर्षं आम्ही दोघं हातांनीच बोललो. बोट वर करून फिरवलं की उचल. पंजा खाली दाबला की उतरव. मूठ मिटली की थांब. मी कामाला लागून सहा-सात महिने झाल्यावर पहिल्यांदा कँटीनमध्ये शेजारी बसलो तेव्हा त्याने विचारलं, "तुझा आवाज असा आहे होय?"

आता त्याच्या कामाची एक खोड सांगतो. क्रेनचा दांडा ढकलला की लगेच काही होत नाही. वर कुठेतरी खट्ट वाजतं, मोटर जागी होते, गाडा सरकतो, मग दोर ओढला जातो आणि सगळ्यात शेवटी वजन हलतं. थांबवतानाही तेच. गाडा थांबतो, वजन पुढे झोका घेतं. नवखा माणूस वजनाकडे बघून दांडा हलवतो आणि पाच टनांचा पत्रा पाळण्यासारखा झुलत बसतो. वरचा मात्र वजन हलायच्या आधीच हात हलवून मोकळा झालेला असायचा. "हात आधी, डोळा मागून," एवढंच तो शिकवायचा. शिकायला तिघं आले. तिघंही पळाले. त्यामुळे त्याला बदली माणूस कधी मिळालाच नाही, आणि बदली नाही म्हणून रजा नाही. स्वतःच्या लग्नाला त्याला दीड दिवस सुट्टी मिळाली होती. वहिनी अजून तो अर्धा दिवस उकरून काढतात.

एकुलती एक लेक. ती आठ वर्षांची असताना त्याने जादा पाळ्या करून तिला व्हिडिओ गेम आणून दिला. राखाडी रंगाचा डबा, वर कॅसेट खोचायची, आणि एकच कंट्रोलर. दुसरा परवडला नाही. त्यातला एक खेळ अस्वलांचा. सुरुवातीला पडद्यावर दोन ओळी यायच्या, 'एकटा' आणि 'दोघे'. 'एकटा' घेतलं की एक अस्वल डोक्यावर मधाचं गाडगं घेऊन नदीतल्या ओंडक्यांवरून उड्या मारत गुहेत जायचं. 'दोघे' घेतलं की दोन अस्वलं खांद्यावर एक दांडी घ्यायची, दांडीला मधाचा मोठा घडा. दोघांनी एकदमच उडी मारायची. एक जरी मागेपुढे झाला की घडा फुटला.

पोरगी विचारायची, "बाबा, 'दोघे' कधी?"

"तू खेळ, मी बघतो," असं म्हणून हा बसल्या बसल्या घोरायला लागायचा. चार पन्नासला उठणारा माणूस संध्याकाळी आणखी काय करणार? शेवटी त्याने शब्द दिला. निवृत्त झालो की 'दोघे'.

पोरगी मोठी झाली. दुसऱ्या गावात शाळेची बस चालवायला लागली. पहिल्या पगारात तिने कुठल्याशा जुन्या बाजारातून दुसरा कंट्रोलर शोधून घरी पाठवला. तो अकरा वर्षं कपाटात, पिशवीसकट. ती यायची ती सकाळी येऊन संध्याकाळी जायला. तिलाही बदली मिळत नव्हता. बाप तसा बेटा म्हणतात, इथे लेक.

मागच्या वर्षी वरचा निवृत्त झाला. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ देतात, तशी रीत होती. पण ऑफिसच्या मीटिंगच्या खोलीत नवा प्रोजेक्टर आला होता, म्हणून साहेबांनी जुना ह्याच्या हातात ठेवला. टाळ्या वाजल्या. वहिनींनी घरी तो बघितला आणि म्हणाल्या, "घड्याळ दिलं असतं तर निदान किती वाजले ते कळलं असतं."

आणि शेवटचा पगार? तो घरी आलाच नाही. वहिनींनी दहादा विचारलं. वरचा म्हणायचा, "कामाला लावलाय."

"कुठल्या कामाला?"

ह्यावर तो मूठ मिटायचा. म्हणजे थांब. वहिनींना ती खूण कळायची, पण पाळायची सवय नव्हती. मग त्या मला पकडायच्या. "भाऊजी, तुम्हाला ठाऊक असणार. तेवीस वर्षं त्यांच्या हाताकडे बघत होतात."

मला खरंच ठाऊक नव्हतं.

मग एका गुरुवारी लेक आली, बॅग घेऊन. रविवारी दुपारी तीनपर्यंत राहणार म्हणाली. "मालकाने कधी नव्हे तो बदली दिला, बाबा. स्वतःहून फोन करून. तब्येत बरी नसेल त्याची."

वरच्याने कपाटातून पिशवी काढली, दुसरा कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि मला निरोप धाडला. चार दिवस हातात होते. नदी ओलांडायची होती. ह्या खेपेला नाही तर परत कधी, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

पहिलं घोडं तिथेच अडलं. जुना टीव्ही केव्हाच जळून गेला होता. म्हणून प्रोजेक्टर. गेमच्या वायरीला तीन गोल पिना, पिवळी, पांढरी, लाल. प्रोजेक्टरला एकच चपटं एचडीएमआयचं भोक. वरच्याने पिवळी पीन त्या भोकापाशी धरून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी पंजा खाली दाबला. उतरव.

गेलो मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे. त्याने एक डबी दिली. घरी आणून जोडली तर भिंतीवर नुसता निळा उजेड. पिना काढल्या, घातल्या, फुंकर मारली, पुन्हा घातल्या. ये रे माझ्या मागल्या. परत दुकानात गेलो. एका खेपेला अठराशे पावलं पडतात.

त्याने विचारलं, "काका, कशातून कशात जायचंय?"

"जुन्यातून नव्यात."

"मग ही उलटी नेली तुम्ही. ही नव्यातून जुन्यात जाते."

वरचा म्हणाला, "मग उलटी जोडतो."

"नाही चालत. एकाच बाजूने जातं."

"म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह," मी म्हणालो.

"असेल," तो म्हणाला आणि दुसरी डबी दिली. एका व्हॉल्व्हपायी आमचा गुरुवार गेला.

शुक्रवारी सकाळी प्रोजेक्टर कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. लेक म्हणाली, "टेबलावर ठेवा की."

"टेबलावर ठेवायला क्रेन ऑपरेटर कशाला लागतो?" वरचा म्हणाला. त्याची नजर छताकडे गेली. तिथे पंख्याचा एक रिकामा हूक होता. चौतीस वर्षं ज्याने सगळं वरूनच बघितलं, त्याला दुसरं काही सुचायचं नव्हतं. आणि मला दोर दिसला की राहवत नाही.

प्रोजेक्टरचं वजन केलं. तीन किलो शंभर ग्रॅम. माझ्याकडचा दोर होता अर्धा टन पेलणारा. फळी घेतली, चार कोपऱ्यांना गाठी मारल्या, प्रोजेक्टर वर बांधला, नाक भिंतीकडे खाली झुकवलं. वरचा स्टुलावर, मी खाली. बोट फिरवलं. उचल. मूठ. थांब. निवृत्तीनंतरची आमची पहिली उचल, साडेचार मिनिटांत. घाम नाही.

खिडक्यांना बाहेरून ताडपत्री बांधली. भर दुपारी खोलीत काळोख. शेजारीण दारात येऊन हळूच विचारून गेली, "सगळं ठीक आहे ना?"

"ठीक कसलं," वहिनी म्हणाल्या, "दोन म्हातारे लहान झालेत," आणि बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसल्या.

मी म्हणालो, "वहिनी, तिथून उठा. लटकत्या वजनाखाली माणूस नको."

"तीन किलो आहे ते, भाऊजी."

"नियम म्हणजे नियम."

मग चौघंही एका बाजूच्या भिंतीला ओळीने चिकटून बसलो, माना वाकड्या करून. चित्र आलं. वर अरुंद, खाली रुंद, गोणी उभी करून ठेवावी तसं. लेकीने प्रोजेक्टरची बटणं दाबून दाबून ते चौकोनी केलं. आणि मग भिंतीवर ते आलं. 'एकटा'. 'दोघे'. लेकीने बाण खालच्या ओळीवर नेला आणि थांबली. "सव्वीस वर्षं," ती म्हणाली.

"दाब आता," वरचा म्हणाला.

दाबलं. दोन अस्वलं, दांडी, घडा. पहिलाच ओंडका. तपकिरी अस्वल, म्हणजे वरचा, टुणकन उडालं. काळं अस्वल, म्हणजे लेक, धाडकन पाण्यात. घडा फुटला, माश्या उठल्या.

"ओंडक्यापुढचा खड्डा समोर दिसत होता की गं!"

"मी दाबलंय, बाबा. कधीच दाबलंय!"

"कधीच कुठे? उशिरा दाबलंस."

पुन्हा तेच. लेक ह्या खेळात मूळची पटाईत. 'एकटा' तिने डोळे मिटून पार केलेला. आणि आता ती प्रत्येक ओंडक्याला पाण्यात, आणि ज्याने आयुष्यात कंट्रोलर हातात धरला नाही तो बाप कोरडा. वहिनी म्हणाल्या, "बस अशीच चालवतेस का गं? पोरं घरी पोचतात ना?"

संध्याकाळपर्यंत एकतीस घडे फुटले. मी मोजले. लेकीने कंट्रोलर आपटला. मी तिला म्हणालो, "परत एकदा दाब. आता मी बघतो." मी खालचा. वरच्याचा कोपर आणि आकड्याला लटकलेलं वजन एका नजरेत धरायचं, हेच मी तेवीस वर्षं केलं. तिचा अंगठा दाबला गेला. अस्वल उभंच. मग उडालं.

"चित्र मागून येतंय," मी म्हणालो.

तिने मेनू उघडला, वाचला, कपाळावर हात मारला. "आपण हा वाकडा टांगला. मी चित्र बटणांनी सरळ केलं. आता तो प्रत्येक चित्र आधी सरळ करतो, मग भिंतीवर टाकतो. त्यात वेळ जातो. वर ती डबी पण थोडा खाते. आणि बाबांना काहीच कसं वाटलं नाही?"

"काय वाटायचंय?" वरचा म्हणाला. "सगळी यंत्रं अशीच असतात."

शनिवारी प्रोजेक्टर उतरवला. वहिनींनी कुरकुरत जेवणाचं टेबल दिलं. मी पाणसळ लावली, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, भिंतीशी काटकोन धरला. चित्र आपोआप चौकोनी. सरळ करायची भानगड लेकीने बंद केली. आता दाबलं की अस्वल हलायचं.

लेकीचं अस्वल नाचायला लागलं. आणि वरच्याचं अस्वल ओंडका संपायच्या चार बोटं आधीच उडी मारून खाली आपटायला लागलं.

"बाबा, खड्डा अजून यायचाय!"

"येणारच आहे ना? मग आधी मारली उडी तर काय बिघडलं?"

"तो आल्यावर मारायची!"

"आल्यावर मारतात ते पळून जातात तिसऱ्या दिवशी. तिघांना बघितलंय मी."

त्याने मनापासून प्रयत्न केला, हे मी लिहून देतो. अंगठा धरून ठेवला, जीभ चावली, मनात आकडे मोजले. पण चौतीस वर्षांचा हात, पालथ्या घड्यावर पाणी. सत्तावीस घडे. वर टांगला तर ती पडते, खाली ठेवला तर हा पडतो. चार वाजता त्याने कंट्रोलर टेबलावर ठेवला, अगदी हळू, पत्रा ठेवावा तसा.

"जाऊ दे. तू एकटी खेळ, मी बघतो."

लेकीने टेबलावरच्या कंट्रोलरकडे बघितलं. मग म्हणाली, "मी आठ वर्षांची होते तेव्हा पण हेच म्हणायचात."

मी ताडपत्री न सोडताच घरी गेलो.

रविवारी सातला पोचलो तर प्रोजेक्टर पुन्हा छताला. गाठी माझ्या नव्हत्या, पण नीट होत्या, आणि चित्र सरळ करायची भानगडही परत चालू. स्टुलावर लेक उभी.

"चार पन्नासला उठले," ती म्हणाली. "बाबा जागेच होते. काका, आज मी त्यांच्या पिंजऱ्यात बसणार. ते माझ्या टेबलावर उतरले नाहीत, मीच वर चढते."

वरचा तिच्या बाजूला बसला. "चित्राकडे बघू नकोस. खालच्याच्या हाताकडे बघ. तो वेळेवर सांगतो."

मी भिंतीपाशी उभा राहिलो, चित्राच्या कडेला. वजन पोचण्याआधी खूण करायची ही माझी रोजची भाकरी होती. ओंडक्याची कडा यायला तीन बोटं बाकी असताना मूठ उघडायची. उघडली. दोघांचे अंगठे दाबले गेले. दोन्ही अस्वलं एकदम उडाली. घडा हलला, पण फुटला नाही. दुसरा ओंडका. तिसरा. चौथ्याला लेकीची नजर भिंतीवर गेली आणि फटाक.

सात-आठ घडे असेच गेले. वहिनी एव्हाना नियम मोडून मध्येच येऊन बसल्या होत्या, त्यांना उठवायची माझी हिंमत नव्हती. मग एकदा पाचव्या ओंडक्यावर लेक एकदम ओरडली.

"अहो, हे भरलेल्या बससारखं आहे! रिकामी बस ब्रेक दाबला की थांबते. पोरं भरली की ब्रेक आधी दाबावा लागतो, बस मागून थांबते. मी रोज हेच करते की!"

वरच्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "किती आधी?"

"पोरं किती आहेत त्यावर. चाळीस असतील तर कोपऱ्यावरचा खांब दिसला की दाबायचा."

"मला तिसरा दिवा," वरचा म्हणाला. "पाच टन असलं की छताचा तिसरा दिवा मागे गेला की सोडायचं."

"आणि पाऊस असला तर?"

"आमच्याकडे पाऊस नव्हता. तेल सांडलेलं असायचं."

अस्वलं ओंडक्यावर ताटकळत उभी, आणि हे दोघं ब्रेकवर बोलत बसलेले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी मूठ मिटली. थांबा, बोलू दे.

पावणेबाराला पुन्हा सुरू केलं. लेक म्हणाली, "काका, हात खाली घ्या." घेतला. पहिला, दुसरा, तिसरा. माझ्या बोटांना खाज सुटली, पण मी हात मागे बांधून ठेवले. सहाव्याला घडा तिरका झाला. सातव्याला वहिनी "अगं बाई" म्हणाल्या. आठव्याला दोघांचे अंगठे दाबले गेले तेव्हा काठ दिसतही नव्हता. अस्वलं मागून उडाली, काठावर उतरली, आणि घडा गुहेच्या दारात अलगद टेकला. आवाज सुद्धा झाला नाही. पत्रा असा ठेवणारा मी एकच माणूस बघितला होता.

वरचा घोरत नव्हता. मी खात्री करून घेतली.

वहिनी म्हणाल्या, "आता मी," आणि जेवण तासभर लांबलं.

अडीचला लेक बॅग भरत होती तेव्हा तिचा फोन वाजला. हात गुंतलेले, म्हणून तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे तिचा बदली ड्रायव्हर.

"ताई, उद्या तुम्ही येताय ना नक्की? नाहीतर तुमच्या वडिलांना सांगा, आणखी एक दिवसाचं बघावं लागेल. त्यांनी गुरुवार ते रविवार एवढ्याचेच पैसे दिले होते. आज शाळा नाही म्हणालो, तरी घ्या म्हणाले. जाण्यायेण्याचे आणि मालकाचे वेगळे दिले."

लेकीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता, दोर नीट आहे का ते.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्या कामाला लावलात होय?"

वरच्याने मूठ मिटली. ह्या वेळी वहिनींनी ती खूण पाळली.

चौतीस वर्षांत त्याला एकदाही बदली मिळाला नव्हता. शेवटच्या पगारात त्याने एक घेतला, चार दिवसांसाठी, लेकीच्या बसवर.